दोन किरणांमधला वेळेचा फरक



डॉक्टरांनी कागदावर ‘पेट स्कॅन’ लिहून दिले की घरातली म्हातारी माणसे विचारतात, दुखणे छातीत आणि तपासणी पोटाची कशाला? हे पेट म्हणजे हिंदीतले पोट नव्हे. पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी या लांबलचक इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे आहेत. कॅन्सर शरीरात कुठवर पसरला, औषधाला दाद देतो की नाही, हे पाहायला ही तपासणी बहुतेक वेळा सांगतात. आपल्या देशात ती सन २००२ मध्ये मुंबईला, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाली.

रोग्याच्या शिरेतून किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर टोचतात. कॅन्सरच्या पेशींना साखरेची हाव फार, म्हणून ती तिथे जास्त साठते. त्या फ्लोरिनमधून पॉझिट्रॉन नावाचा कण निघतो, जवळच्याच इलेक्ट्रॉनला भिडतो आणि दोघेही नाहीसे होतात. त्या जागेवरून दोन किरण एकमेकांच्या अगदी उलट दिशेला सुटतात. रोग्याभोवतीच्या गोल कड्यातले स्फटिक ते दोन्ही टिपतात. किरण या दोन स्फटिकांना जोडणाऱ्या रेघेवरून आले एवढे कळते. पण रेघेवर नेमके कुठून?

चाळीची लांब गॅलरी डोळ्यांपुढे आणा. दोन पोरे एकाच दारातून, सारख्याच वेगाने, एक इकडे एक तिकडे पळत सुटली. दोघे टोकांना एकदमच पोचले तर दार मधोमध आहे. एक आधी पोचला तर दार त्याच्या टोकाजवळ. किती आधी पोचला ते मोजले की कोणाचे दार तेही सांगता येते.

किरणांचेही असेच, फक्त त्यांची धाव भलतीच वेगाची. सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो. गाठ मध्यापासून १५ सेंटिमीटर बाजूला असली तरी दोन किरणांच्या पोचण्यात एवढाच फरक पडतो. त्याहून बारीक वेळ मोजायचे माप पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग. घड्याळ ५०० पिकोसेकंदांपर्यंत बिनचूक असेल तर जागा साडेसात सेंटिमीटरच्या टप्प्यात येते. सुमारे २०० पर्यंत असेल तर ३ सेंटिमीटरच्या.

तुम्ही म्हणाल, गाठ एक सेंटिमीटरची आणि अंदाज तीन सेंटिमीटरचा, मग उपयोग काय? उपयोग मोठा आहे. वेळ मोजत नव्हते तेव्हा संगणक प्रत्येक किरणजोडीचे श्रेय त्या रेघेवरच्या सगळ्या शरीराला वाटून देई. अशा कोट्यवधी रेघा एकमेकींवर पडून चित्रात खरखर येई, रेडिओचे स्टेशन नीट लागले नाही म्हणजे येते तशी. आता श्रेय थोड्याच जागेत वाटले जाते, खरखर कमी होते आणि बारीक गाठ उठून दिसते. अंगाने स्थूल माणसाला याचा लाभ अधिक, कारण त्याच्या शरीरातली रेघ लांब असते आणि पुष्कळ किरण आतच अडतात. चित्र लवकर स्वच्छ होते, त्यामुळे तपासणीचा वेळ किंवा औषधाची मात्रा कमी करता येते. पाठदुखीने ज्याला उताणे पडवत नाही त्याला विचारा, पाच-सात मिनिटे वाचली तर काय वाटते.

ही कल्पना नवी नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अशी यंत्रे बनली होती. पण त्या वेळचे वेगवान स्फटिक पुष्कळ किरण निसटू देत, म्हणून ती मागे पडली. पुढे ल्युटेशियमचे स्फटिक आले, ते वेगवानही आणि किरण अडवणारेही. सन २००६ मध्ये फिलिप्स कंपनीने अशी मशीन बाजारात आणली. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या मशीनमध्ये ही सोय असते. ‘टाइम ऑफ फ्लाइट’ आहे का, एवढे केंद्रावर जरूर विचारा. नसेल तर हाय खाऊ नका. जुन्या मशीननेही पुष्कळांचे निदान झाले आहे. तपासणी महिनाभर पुढे ढकलण्याइतका हा फरक नव्हे, असे माझे मत.

वेळेचा हिशेब रोग्यालाही पाळावा लागतो. ते औषध सुमारे ११० मिनिटांत निम्मे होते, म्हणून दिलेल्या वेळेला पोचाच. आधी चार ते सहा तास उपाशी राहायचे, साधे पाणी चालते. मधुमेह असेल, बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर नाव नोंदवतानाच सांगावे. टोचल्यावर तासभर शांत बसायचे आणि घरी आल्यावर काही तास लहान मुलांना मांडीवर घ्यायचे नाही.

आणखी एक. क्षयाच्या गाठीही साखर ओढतात आणि या चित्रात कॅन्सरसारख्याच चमकतात. घड्याळ कितीही बारीक झाले तरी गाठ कुठे आहे एवढेच सांगेल. म्हणून रिपोर्टमध्ये चमक आली आणि डॉक्टर तुकडा काढून तपासू म्हणाले, तर ‘एवढे पैसे घातले, आता परत कशाला?’ असे म्हणून घरी निघून येऊ नका.