कुत्र्याला कळसूबाईवर कशाला?

थंडी पडली की मुंबईची पुष्कळ माणसे रात्रीच बारी गावातून कळसूबाई चढायला लागतात. वरून सूर्योदय बघायचा असतो. हल्ली काहीजण घरचा कुत्राही सोबत नेतात. मला हे मुळीच पटत नाही.

कळसूबाई १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रात सर्वांत उंच. वाटेत उभ्या कड्यांना लोखंडी शिड्या आहेत. माणूस दोन्ही हातांनी कठडा धरतो, पण कुत्र्याने काय धरायचे? मग मालक त्याला काखेत घेतो, म्हणजे एकच हात उरला! दवाने लोखंड ओले असले तर दोघेही घसरायचे. आपले बाबा, काका हलत्या होडीत चढताना आधी हाताने होडी घट्ट धरतात, ते काय उगाच?

आपल्या मच्छीमार नगरातली कुत्री आखूड केसांची, दमट हवेतली. इथे थंडी ती कसली! वर वारा अंगाला झोंबतो. शिवाय ते अभयारण्य आहे. तिथे बिबट्या असतो, आणि बिबट्या कुत्र्याला सोडत नाही.

कोणी म्हणेल, गावातली कुत्री जातात की वर! अहो, ती तिथलीच, वाट त्यांच्या पायाखालची. आपल्या कुत्र्याला शेजारच्या काकूंकडे ठेवावे. दोन दिवस भात-मच्छी खाऊन तो मजेत राहील.