अठ्ठावीस म्हणजे किती?

ज्या गृहस्थानें पस्तीस वर्षें मुलांना समास सोडवावयास शिकविलें, त्यानें स्त्रियांच्या जीन्सच्या मापांवर लेखणी चालवावी, हें कित्येक वाचकांस विपरीत वाटेल. आम्हांसहि आरंभीं तसेंच वाटलें होतें. परंतु प्रसंगच असा ओढवला कीं, स्वस्थ बसवेना.

आमच्या थोरल्या बंधूंची नात गेल्या वर्षापासून हिंजवडीच्या एका कंपनींत नोकरी करते. वर्षअखेर हातांत चार पैसे राहिले, तेव्हां तिनें एका मोठ्या दुकानांतून एक उंची जीन्स आणावयाचें ठरविलें. किंमत येथें सांगत नाहीं. ती ऐकून वहिनींनीं, म्हणजे तिच्या आजीनें, हातांतली पळी तशीच खालीं ठेविली, एवढें म्हटलें म्हणजे पुरे. मुलगी नेहमीं २८ आंकड्याची जीन्स घेते. त्या दुकानांत २८ मांडीवर चढेना, ३० चें बटण लागेना. विकणाऱ्या बाईनें हिला आपादमस्तक न्याहाळलें आणि "याहून मोठें माप आम्ही ठेवीत नाहीं" म्हणून सांगितलें. मुलगी मुकाट्यानें घरीं आली. त्या दिवसापासून तिच्या ताटांत भात मागें राहूं लागला. आठ दिवसांनीं रात्रीचें जेवणच बंद झालें. विचारलें तर म्हणे, "आजोबा, मला भूकच लागत नाहीं." तेवीस वर्षांच्या, दिवसभर राबून आलेल्या मुलीला भूक नाहीं! गृहपाठाची वही घरीं विसरली, हें कारण ज्यानें हजार वेळां ऐकलें आहे, त्याला असलीं उत्तरें ओळखूं येतात. खरें कारण तिच्या आईकडून कळलें.

(मुलींनीं जीन्स घालावी कीं नाहीं, हा वाद आमच्या घरांत पंधरा वर्षांपूर्वींच संपला. त्यांत आमचा पक्ष हरला, आणि हरला तें बरेंच झालें, असें आतां वाटतें. तो वाद येथें पुन्हां उकरावयाचा नाहीं.)

त्या रविवारीं आम्हीं घरांतल्या मुलीबाळींस आपापल्या जीन्स माजघरांत आणावयास सांगितलें. नातीच्या, तिच्या चुलतबहिणीच्या आणि धाकट्या सूनबाईंच्या मिळून, २८ हा आंकडा असलेल्या सात निघाल्या. एकेक चटईवर सपाट पसरली, कंबरपट्टीवर टेप धरली, आणि जें आलें त्याची दुप्पट केली. एकीची कंबर २९ इंच, तिघींची ३० च्या आसपास, दोघींची ३१, आणि एकीची तर चक्क ३२ भरली. खरोखर २८ इंचांची अशी एकहि नव्हती!

व्याकरणांत शब्दांचे यौगिक व रूढ असे भेद आम्ही शिकवीत असूं. पाचक म्हणजे शिजविणारा. हा अर्थ अवयवांवरून निघतो, म्हणून शब्द यौगिक. मंडप या शब्दाचे अवयव फोडले तर 'पेज पिणारा' असा अर्थ येईल, पण लग्नाच्या मंडपांत उभें राहून तो अर्थ कोणी घेत नाहीं. म्हणून तो रूढ. जीन्सवरील २८ हा आंकडा एके काळीं यौगिक होता, २८ इंचांची कंबर. आज तो केवळ रूढ झाला आहे, आणि प्रत्येक कारखानदाराची रूढि निराळी.

असें होण्याचीं कारणें दोन. एक निर्दोष आहे. पट्टी आतां खऱ्या कंबरेवर न बसतां पुष्कळदां बेंबीच्या खालीं बसते, व तेथें शरीराचा घेर अधिक असतो. सबब कापड अधिक लागतें. दुसरें कारण मात्र शुद्ध खुशामतीचें आहे. ३० इंचांच्या पट्टीला २८ म्हटलें कीं गिऱ्हाईक प्रसन्न होतें, हें व्यापाऱ्यांनीं फार पूर्वींच हेरलें. मग एकानें दोन इंच माफ केले, तर दुसऱ्यानें तीन. उलट कांहीं उंची माल करणारे आंकडा घट्ट ठेवतात. या दोन रीतींच्या मध्यें सांपडून आमची मुलगी उपाशी राहूं लागली होती.

या गोंधळावर उपाय करण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेंत झाला, त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. टपालानें मागविलेले कपडे मापास न आल्यामुळें ढिगांनीं परत येत. तेव्हां १९३९–४० सालीं तेथील सरकारच्या शेतकी खात्यानें सुमारे १५,००० स्त्रियांचीं, प्रत्येकीचीं ५९ प्रमाणें, मापें घेविलीं. परंतु गोऱ्या नसलेल्या स्त्रियांचीं मापें हिशेबांतून वगळण्यांत आलीं. म्हणजे पायाच एका अंगास कललेला! त्या आधारें १९५८ सालीं एक प्रमाण ठरलें. कारखानदारांनीं तें हळूहळू गुंडाळून ठेविलें, आणि १९८३ सालीं सरकारनेंहि तें मागें घेतलें. आपल्याकडे आपल्या माणसांच्या बांध्याचें प्रमाण ठरविण्यासाठीं सहा शहरांत २५,००० स्त्रीपुरुषांचीं मापें घेण्याची योजना राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनें हातीं घेतली, तीहि २०१८ नंतरची गोष्ट. तोंवर येथें विकलेला माल बहुधा परक्या बांध्याच्याच अदमासानें कापलेला.

आणि वस्त्र तरी मूळचें कोणाचें? खाणीवरच्या व रानांतल्या कष्टकरी पुरुषांचें. लेव्ही स्ट्रॉस व जेकब डेव्हिस यांनीं खिशांच्या कोपऱ्यांस तांब्याच्या खिळ्या ठोकण्याचें पेटंट १८७३ सालीं मिळविलें. त्याच पेढीनें खास स्त्रियांकरितां जीन्स काढली ती १९३४ सालीं, म्हणजे साठ वर्षांनीं! डेनिम हें नांव फ्रान्सांतील नीम गांवावरून आणि जीन हें इटलींतील जिनोव्हावरून आलें असें म्हणतात. परंतु इंग्रजींत याच जातीच्या जाड कापडाला जो डंगरी शब्द आहे, तो आमच्या मुंबईच्या डोंगरीवरून गेलेला आहे. हें सांगतांच नातीच्या चेहऱ्यावर आठ दिवसांत प्रथमच हंसूं उमटलें.

वहिनी हा सगळा खटाटोप जपमाळ हातांत घेऊन पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, माझें लग्नांतलें नऊवारी मी अजून नेसतें. तेव्हां केवढी होतें आणि आतां केवढी आहें! निऱ्या चार कमी घ्यावयाच्या, एवढेंच. आणि पोलकें शिवतांना शिंपी आमचें माप घेतो. आम्ही त्याच्या मापांत बसतों कीं नाहीं, हें कधीं कोणी पाहिलें नाहीं." आम्हीं चार पुस्तकें चाळून जें काढलें होतें, तें वहिनींनीं असें दोन वाक्यांत सांगून टाकलें.

आतां घ्यावयाचें कसें? येथें आम्हांस पेठेंतल्या एका जुन्या शिंप्याचें फार साह्य झालें. त्याचें पहिलें सांगणें असें कीं, कंबरेकडे पाहूंच नये. नितंब व मांड्या जेथें नीट बसतील तें माप घ्यावें. कंबर मागाहून आंत घेतां येते, मांडीला कापड कोठून आणणार? आपल्याकडील पुष्कळ मुलींची कंबर लहान व त्या मानानें खालचा घेर अधिक, म्हणून मागें पट्टी उघडी पडते आणि दोन बोटें सहज आंत जातात. अशा वेळीं शिंपी पट्टी उसवून मागच्या मधल्या शिवणींत इंच, फार तर दीड इंच धरतो. त्याहून अधिक धरलें कीं मागचे दोन्ही खिसे एकमेकांस भेटावयास निघतात.

दुसरी गोष्ट आसनाची. दोन पायांच्या जोडापासून पट्टीपर्यंतचें पुढील अंतर ८ इंच असेल, तर पट्टी बेंबीच्या बरीच खालीं बसते. १० ते ११ असेल, तर बेंबीपाशीं येते. मागचें आसन पुढच्याहून बरेंच लांब हवें. ज्या घरांत जमिनीवर बसावयाची चाल आहे, तेथें तर याला फार महत्त्व. दुकानांतील आरशासमोर ताठ उभें राहून सगळ्याच जीन्स चांगल्या दिसतात. आम्ही म्हणतों, तेथेंच मांडी घालून बसून पाहावें. लोक पाहतील तर पाहोत. बसतांना पट्टी पोटांत रुतली, किंवा मागून खालीं सरकली, तर ती जीन्स आपली नव्हे. उभ्यानें खिशांचीं तोंडें कानांसारखीं बाहेर येत असतील, किंवा जांघेपासून आडव्या चुण्या पसरत असतील, तर घेर कमी पडतो असें समजावें.

कापड कोणतें आहे, हें आंतल्या चिठ्ठीवर वाचावें. निव्वळ सुती कापड प्रथम कडक लागतें व चारसहा वेळां घातल्यावर थोडें सैल होतें. तें फार घट्ट घेऊं नये, पण ऐसपैसहि घेऊं नये. १९५८ सालीं अमेरिकेंत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेंत जोसेफ शिव्हर्स यांनीं जो ताणला जाणारा धागा शोधून काढला, तो शेंकडा एक-दोन असला तरी कापड अंगाबरोबर ताणतें. अशी जीन्स दुकानांत किंचित् घट्टच असावी, कारण संध्याकाळपर्यंत ती गुडघ्याशीं व मागें पोकळ होते. तिला गरम पाणी व कडक ऊन वर्ज्य. उलटी करून गार पाण्यांत धुवावी आणि सावलींत वाळवावी.

राहिली लांबी. परदेशी उंची माल उंच बायकांसाठीं कापलेला. पायाची आंतली शिवण ३० ते ३४ इंच. आमची नात पांच फूट एक इंच, तिला २७ पुरे. तीन इंच कापणें ठीक, परंतु सहा कापले तर ज्या जागीं गुडघ्याचा घाट काढलेला असतो ती जागा पोटरीवर येते, आणि खालीं रुंद होणाऱ्या जीन्सची तर रयाच जाते. म्हणून मुळांतच आंखूड लांबीची शोधावी. आणि कापण्यापूर्वीं एकदां धुऊन घ्यावी. सुती कापड आटलें म्हणजे शिंप्यास दोष देऊन उपयोग नाहीं.

एवढी किंमत द्यावी काय? जपानांतील वा इटलींतील विणकरांचें चांगलें कापड, नेटकी शिवण, वर्षानुवर्षें टिकणारा पोत, यांचे पैसे पडतात हें खरें. नांवाचेहि पडतात. मापाचे मात्र पडत नाहींत. वीस हजारांच्या जीन्सवरचा आंकडा दोन हजारांच्या जीन्सवरच्या आंकड्याइतकाच बेभरंवशाचा असतो.

पुढल्या रविवारीं मुलगी दुसऱ्या एका दुकानांत गेली, या खेपेस टेप घेऊन. आपल्या चांगल्या बसणाऱ्या जुन्या जीन्सचीं चार मापें एका कागदावर लिहून नेलीं होतीं. जी मापास आली तिच्यावर आंकडा होता ३१. ती घरीं आणली, धुतली, शिंप्यानें मागें सव्वा इंच धरलें व खालीं दोन इंच कापलें. संकष्टीच्या रात्रीं चंद्रोदयानंतर पाटावर बसली ती तीच घालून, आणि भात दोनदां मागितला.

आमची टेप मात्र परत आली नाहीं. ती आतां तिच्या पिशवींतच असते. दुकानांत ती बाहेर काढली कीं विकणारे आधीं टेपेकडे व मग हिच्या तोंडाकडे पाहतात, असें सांगत होती.