घरसंसार : माळ्यावरची सतरंजी

नाशिकरोडला क्वार्टर सोडून फ्लॅटमध्ये जाताना माळ्यावरची जुनी सुती सतरंजी बोहारणीला द्यावी आणि एखादे पातेले घ्यावे, असे मनात येते. जरा थांबा!

सतरंजीला गालिच्यासारखी लव नसते. सुती ताण्यावर बाणा घट्ट ठोकून बसवतात. त्यामुळे ती उलटसुलट वापरता येते. इंग्रजी अमदानीत अनेक तुरुंगांत कैदी सतरंज्या विणत. त्या जुन्या सतरंज्या आज हौशी लोक मोठी किंमत मोजून घेतात.

आपल्याकडे तिचे मोल वेगळे आहे. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून गोणपाट नेऊन वेगळे बसावे लागे. ज्यांना कोणी आपल्या सतरंजीवर बसू दिले नाही, त्यांच्या घरी स्वतःची सतरंजी येणे ही लहान गोष्ट नव्हती.

धुण्याआधी ओले पांढरे फडके कोपऱ्यावर दाबून पाहा. रंग लागला तर भिजवू नका. न लागल्यास थंड पाण्यात धुऊन सावलीत आडवी वाळवा. घडी घातली तर घडीवरच विरते, म्हणून काठीवर गुंडाळून ठेवा. पावसाळ्यात ओलसर भिंतीला टेकवू नका. कड सुटली तर जाड सुती दोऱ्याने शिवा. फारच विरली असेल तर मागे जुनी चादर टाचून बैठकीच्या भिंतीवर लावा.

धड असेल तर मात्र अंथराच. पाहुणे वाढले की खुर्च्या कमी पडतात. सतरंजीवर थोडे सरकले की आणखी एकाची जागा होते.