एकलव्याचा वेग

आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात नववीच्या मुलांनी एक तक्ता लावला होता : 'एकलव्याचा वेग'. भुंकताना कुत्र्याचे तोंड अर्धा सेकंद उघडे राहते असे धरले. तेवढ्यात ७ बाण आत गेले. म्हणजे सेकंदाला १४ बाण! जपानी चित्रमालिकांतील तलवारबहाद्दरांच्या वेगाचे असलेच हिशेब मुले मोबाईलवर पाहतात आणि त्यावरून हिरिरीने भांडतात. आता पाळी व्यासांची आली, एवढेच.

माझा आक्षेप मुलांवर नाही. 'पाहा, आपल्या ग्रंथांत विज्ञान होते' म्हणून अशा तक्त्यांपुढे टाळ्या पिटणाऱ्या सुशिक्षितांवर आहे.

मुळात हे गणितच नव्हे. अर्ध्याऐवजी पाव सेकंद धरा, उत्तर २८ येते. म्हणजे उत्तर महाभारतातून आलेले नाही, आपल्या गृहीतातून आले आहे. स्वतःच खिशात टाकलेले नाणे बाहेर काढायचे आणि 'सापडले, सापडले' म्हणून नाचायचे, त्यातला हा प्रकार.

दुसरे असे की, पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ खपून चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, ती जरा उघडून पाहावी. आदिपर्वातले ते सात बाण एकाच वेळी सुटलेले नाहीत. एकाच वेळी सुटल्यासारखे सुटले आहेत. हे 'सारखे' कवीचे आहे. ते खोडल्यावाचून आकडा हाती लागत नाही! त्या नेमबाजीचे लाघव पाहून पांडव लाजले आणि त्यांनी ती वाखाणली. मोजायला कोणी बसले नाही.

आणि गंमत अशी की, व्यासांनी एकलव्याचा वेग मोजलेला आहे. द्रोणांनी गुरुदक्षिणा म्हणून उजवा अंगठा मागितला. त्याने तो प्रसन्न मुद्रेने कापून दिला. पुढे तो बोटांनी बाण ओढू लागला, पण पूर्वीइतका शीघ्र राहिला नाही, असे कवी नोंदवतो. लगेच पुढे सांगतो की, अर्जुनाच्या मनाचा ताप उतरला. आधी किती होता आणि नंतर किती उरला, हे व्यासांचे माप. एकाचा वेग गेला तेव्हा दुसऱ्याला स्वस्थता लाभली, हा त्यांचा हिशेब.

त्या तक्त्यात 'अंगठा गेल्यानंतर' असा रकानाच नव्हता. तो नसल्याचे परीक्षकांच्या ध्यानात आले नाही. आणि त्या परीक्षकांत, सुज्ञ वाचकहो, मीही होतो. मीही टाळी वाजवली.

एकलव्याला द्रोणांनी आधी शिष्य म्हणून नाकारले होते, कारण तो निषादाचा मुलगा. दर जूनमध्ये प्रवेशअर्जांचा गठ्ठा माझ्या मेजावर येतो. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला दारातून परत पाठवायचे, हे मी ठरवतो. त्या खुर्चीत बसणाऱ्याने बाणांचा वेग मोजू नये. आपल्या सहीने कोणाचा वेग कमी झाला, ते मोजावे.