अपेक्षा आणि आशा

'यंदा शिरूर व दौंड तालुक्यांत पाणीटंचाई अपेक्षित आहे,' अशा धाटणीचे वाक्य वाचले की मी थबकतो. टंचाईची अपेक्षा कोणी बाळगील काय? लिहिणाराला एवढेच म्हणावयाचे असते की, टंचाई पडेल असे दिसते. परंतु मराठीतील अपेक्षेत इच्छा दडलेली असते.

इंग्रजीतील 'एक्स्पेक्ट' हे क्रियापद पाहुणा, पाऊस, पराभव या सर्वांना सारखेच चालते. आपण त्याला सरसकट 'अपेक्षा करणे' हा प्रतिशब्द दिला आणि घोटाळा झाला. मराठीने हे काम वाटून दिलेले आहे. पाहुण्याची आपण वाट पाहतो, पावसाची आशा धरतो, संकटाची धास्ती घेतो. आणि जे केवळ तर्काने कळते, त्याचा अंदाज बांधतो.

अपेक्षा हा शब्द 'ईक्ष्' म्हणजे पाहणे या संस्कृत धातूपासून झाला आहे. प्रतीक्षा आणि उपेक्षा ही त्याचीच भावंडे. विद्यार्थ्यांनो, 'भीमेपेक्षा घोडनदी लहान आहे' या वाक्यातील 'पेक्षा' हे शब्दयोगी अव्ययही अपेक्षेचेच झिजलेले रूप होय! एकीकडे पाहून दुसरीचे माप घ्यावयाचे, हा भाव त्यात टिकून राहिला. अपेक्षेत असे माप असते, म्हणून तिचा भंगही होतो. दौंड जंक्शनवर गाडीच्या वेळेपुढे 'अपेक्षित' असे लिहिले तर मला ते खटकणार नाही. गाडी वेळेवर यावी, ही प्रवाशाची इच्छा असते आणि वेळापत्रकाने तसे वचनही दिलेले असते.

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पूर्वेस, पर्जन्यछायेत आहेत. येथील शेतकरी ज्येष्ठात आभाळाकडे पाहतो, ती आशा होय. ढगांना जाब विचारता येत नाही. मात्र खडकवासला धरणातून निघणारा मुठा उजवा कालवा दौंडच्या रानांना पाणी देतो, त्याची गोष्ट निराळी. त्याचे आवर्तन केव्हा सोडावयाचे, हे माणसे ठरवितात. तेथे 'शेतकऱ्यांना पाण्याची आशा' असे लिहिणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्यामुळे हक्काची वस्तू कृपेची होऊन बसते. उलट टंचाईला 'अपेक्षित' म्हटले की, ती जणू ठरल्याप्रमाणेच आली, असे वाटून कोणी कोणाला काही विचारीत नाही.

कालव्याच्या पाण्यासाठी अर्ज लिहिण्याची वेळ आली, तर त्यात 'आशा आहे' असे लिहू नये. 'आवर्तन ठरल्या दिवशी मिळावे, अशी आमची अपेक्षा आहे,' असे स्वच्छ लिहावे आणि खाली सही करावी.