रँग्लर म्हणजे हुज्जतखोर!

‘रँग्लर’ हा शब्द आपण इतका सोवळ्यात ठेवला आहे, की त्याचा अर्थ विचारणे म्हणजे औचित्यभंगच वाटावा. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत दुसऱ्या एका उमेदवाराच्या बरोबरीने पहिले आले, सीनियर रँग्लर झाले. आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल म्हणून पुण्यात वावरताना ‘रँग्लर’ हे जणू त्यांचे पाळण्यातलेच नाव होऊन बसले. रँग्लर महाजनींचेही तेच.

पण मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ काय? हुज्जत घालणारा! एके काळी केंब्रिजची परीक्षा तोंडी होई. उमेदवाराने लॅटिनमध्ये सिद्धान्त मांडायचा आणि प्रतिपक्षाने तो खोडून काढायचा, असा तो आपल्या पंडितसभेसारखा शास्त्रार्थ असे. वादात जो तरबेज, तो रँग्लर. तिथेच एक पदवीधर तिपाईवर बसून उमेदवारांची फिरकी घेई. त्या तिपाईवरून साऱ्या परीक्षेलाच ‘ट्रायपॉस’ म्हणू लागले. पुढे शास्त्रार्थ गेला, लेखी पेपर आले. नावे मात्र राहिली.

हे झाले पहिल्या वर्गाचे. ऑनर्सच्या यादीत जो अगदी तळाशी, त्यालाही बिरुद होते, ‘लाकडी चमचा’. (लक्षात घ्या, हा गडी नापास नव्हे!) पदवी घ्यायला तो पुढे आला की वरच्या गॅलरीतून मित्रमंडळी खराखुरा चमचा दोरीने खाली सोडीत. १९०९ साली शेवटचा चमचा मिळाला तो सेंट जॉन्स कॉलेजातल्या एका वल्हेबहाद्दराला, आणि चमचाही वल्ह्याचाच केलेला! मला तर रँग्लरांहून याचेच अधिक कौतुक वाटते. त्यानंतर क्रमवार यादी बंद झाली. चमचा मात्र मैदानावर गेला. रग्बीच्या सहा राष्ट्रांच्या स्पर्धेत तळाला राहणाऱ्या संघाला तो आजही ‘मिळतो’, अर्थात नुसता बोलण्यात.

टवाळीतून निघालेल्या या नावांचा मान पुढे एवढा वाढला, की ती कुणाला द्यावयाची आणि कुणाला नाही, याचे नियम आले. १८९० साली न्यूनहॅम कॉलेजच्या फिलिपा फॉसेट हिने सर्वांहून अधिक गुण मिळवले. पण बायकांची नावे वेगळी वाचली जात. तेव्हा तिचा क्रमांक जाहीर झाला तो ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असा. पदवी नाही, रँग्लरही नाही. स्त्रियांना केंब्रिजच्या पदव्या खुल्या झाल्या त्या १९४८ साली. फॉसेटबाई त्याच वर्षी जून महिन्यात, ८० वर्षांच्या होऊन वारल्या.