ग्राहकाची माहिती हीसुद्धा ठेवच

जुन्या पेढ्यांमध्ये खतावणी परक्या माणसासमोर उघडली जात नसे. कोणाकडून किती येणे आहे, कोणाचे घर अडचणीत आहे, कोणी मुलीच्या लग्नासाठी दागिने गहाण ठेवले, हे सारे पेढीला ठाऊक असे. पण ते उंबरठ्याबाहेर जात नसे. गिऱ्हाईक पैशाबरोबर आपली अब्रूही पेढीच्या स्वाधीन करीत असे. आज खतावणीची जागा संगणकाने घेतली आहे. बिल करताना मोबाईल क्रमांक, जन्मतारीख, पत्ता विचारला जातो आणि ग्राहक फारसा विचार न करता तो सांगतो. या माहितीवर व्यापाऱ्याचा अधिकार कुठवर चालतो, याचे उत्तर आता कायद्याने दिले आहे.

बँकव्यवहारात हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने निकाल दिलेला टूर्निए खटला बँकिंगच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. एका खातेदाराकडे किरकोळ रक्कम थकली होती. शाखाधिकाऱ्याने त्याच्या मालकाला दूरध्वनी करून थकबाकीची आणि तो जुगार खेळत असल्याच्या संशयाची वाच्यता केली. त्याची नोकरी पुढे चालू राहिली नाही. न्यायालयाने स्पष्ट केले की, गुप्तता राखणे हे बँकेचे केवळ नैतिक नव्हे, तर कायदेशीर कर्तव्य आहे. कायद्याची सक्ती, सार्वजनिक हित, बँकेचे स्वतःचे हित आणि ग्राहकाची संमती हे चारच अपवाद मान्य झाले. आपल्याकडेही १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण कायद्यात गुप्ततेचे बंधन घातलेले आहे.

हे बंधन बँकेपुरते का असावे? कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निर्णय दिला की, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला आणि अनेक मसुद्यांनंतर ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३’ संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून व्यावसायिकांवरील प्रमुख बंधने अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू होणार आहेत.

या कायद्याने माहिती गोळा करणाऱ्यास दिलेले नाव लक्षात घेण्याजोगे आहे. त्याला मालक म्हटलेले नाही. ‘डेटा फिड्युशरी’, म्हणजे विश्वस्ताच्या नात्याने माहिती सांभाळणारा, असे म्हटले आहे. ठेव ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापरावी आणि काम संपताच परत करावी, हा पेढीचा जुना दंडकच येथे माहितीला लावला आहे.

कायद्यात औषधाच्या दुकानाचे एक उदाहरण आहे. ग्राहक स्वतःहून क्रमांक देतो आणि पैसे मिळाल्याची पावती मोबाईलवर पाठवा, असे सांगतो. दुकानदाराने ती पाठवावी. त्यासाठी वेगळ्या संमतीची गरज नाही. मात्र त्याच क्रमांकावर सणासुदीच्या सवलतींचे संदेश पाठवायचे असतील, तर स्वतंत्र संमती घेतली पाहिजे. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे हवे. संमती मागणारी सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असली पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक आहे. दोन लाखांवरील खरेदीसाठी घेतलेला पॅन क्रमांक कायद्याच्या गरजेनुसार जपावाच लागतो. पण ‘असू द्यावी’ म्हणून घेतलेल्या आधार कार्डाच्या प्रतींना असा कोणता आधार आहे, हे ज्याने त्याने तपासावे.

संदेश पाठविण्याचे किंवा हिशेबाचे काम बाहेरच्या संस्थेकडे दिले, तरी जबाबदारी दुकानाचीच राहते. माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय योजले नाहीत, तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. लहान दुकानाला एवढा दंड होईल असे नव्हे. चुकीचे स्वरूप व गांभीर्य पाहून तो ठरतो. पण माहिती फुटली तर संबंधित ग्राहकाला आणि मंडळाला कळविणे टाळता येणार नाही.

या कायद्यात उणिवाही आहेत. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था आदी कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना त्यातून वगळू शकते. नागरिकांची सर्वाधिक माहिती सरकारजवळच असताना त्यालाच एवढी मोकळीक का, हा आक्षेप रास्त आहे. दंडाची रक्कमही सरकारी तिजोरीत जमा होते. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून काही मिळत नाही. तथापि, कायदा अपुरा आहे म्हणून विश्वस्ताचे कर्तव्य उणे होत नाही. उलट, ग्राहकाला भरपाईचा मार्ग दुबळा असेल, तर त्याची सारी भिस्त दुकानदाराच्या सचोटीवरच राहते.

येत्या दिवाळीला नवी वही उघडण्यापूर्वी प्रत्येक पेढीने जुन्या माहितीचाही हिशेब करावा. कोणती माहिती आपल्याजवळ आहे, ती कशासाठी घेतली, कोणाकोणाला पाहता येते आणि आता तिची गरज उरली आहे काय, हे चार रकाने मांडावेत. ज्या नोंदीपुढे शेवटचा रकाना रिकामा राहील आणि जी ठेवणे कायद्याने बंधनकारक नसेल, ती पुसून टाकावी. नोकरांच्या खासगी मोबाईलवर साठलेल्या ग्राहकांच्या याद्याही यात धराव्यात. तसेच ग्राहकाने क्रमांक देण्यास नकार दिला, तरी त्याचे बिल हसतमुखाने करून द्यावे. पत वाढते ती अशाच व्यवहाराने.